पंधरा वेळा टक्

केंद्राच्या गाडीत पहिल्यांदा चढणाऱ्या मुलाला मावशी तीन गोष्टी सांगायच्या. बूट पायरीवर आपटून घे, दप्तर सीटखाली सरकव, आणि गाडी चालू असताना काकांशी बोलू नकोस. तिसऱ्या गोष्टीची तशी गरज नव्हती, कारण गाडी बंद असतानाही काका कुणाशी फारसं बोलत नसत. दिवसभरात मुलांसाठी त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा.

"पट्टा."

त्यावरून त्यांचं नाव पडलं पट्टाकाका. ते कुणी पाडलं हे आताच्या मुलांना माहीत नव्हतं. पाडणारी मुलं मोठी होऊन स्वतःच्या गाड्या चालवायला लागली होती, आणि त्यांतलं कुणी सिग्नलला शेजारी येऊन थांबलं की काच खाली करून आपला पट्टा बोटानं ताणून दाखवायचं. काका मान हलवायचे. हिरवा लागला की निघायचे.

युवा केंद्राची ती गाडी म्हणजे सोळा सीटांची, फिकट पिवळ्या रंगाची मिनीबस. पंधरा मुलं आणि सोबतीला मावशी. मंगळवार-गुरुवार पोहणं, बुधवारी नाटकाचा वर्ग, शुक्रवारी बुद्धिबळ, शनिवारी मैदान. मुलांना केंद्रापासून तिथवर न्यायचं आणि जशी नेली तशी परत आणायची, एवढंच काकांचं काम. मागच्या दाराला एक पोचा होता. तो आधीच्या ड्रायव्हरचा. काका ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगून टाकत, म्हणजे पुढे गैरसमज नको.

इथे येण्याआधी अकरा वर्षं ते काचेच्या तावदानांची गाडी चालवत होते. मुलाखतीत केंद्राच्या मॅडमनी विचारलं होतं, "मुलांची ने-आण कधी केलीय का?"

"नाही. काच नेलीय."

"मुलांचं वेगळं असतं हो."

"हो," काका म्हणाले होते. "काच गप्प बसते."

मॅडमना हे उत्तर आवडलं की नाही कळलं नाही, पण नोकरी मिळाली.

पहिल्या वर्षी काका इतरांसारखेच आरशात बघून पट्टे तपासत. मग एकदा एक कुत्रं आडवं आलं, काकांनी ब्रेक दाबला, आणि चौथ्या सीटवरच्या मुलाचं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. तीन टाके पडले. त्या मुलानं पट्टा छातीवरून नुसता ओढून घेतला होता, टोक मांडीखाली दाबून धरलं होतं. आरशात बघाल तर लावल्यासारखाच. मुलगा आठवडाभरानं टाके मिरवत परत आला, त्याचे आईवडीलही समजूतदार निघाले. काका मात्र समजूतदार निघाले नाहीत. डोळ्याला पट्टा दिसतो, लागलेला दिसत नाही, असं त्यांचं मत पडलं आणि त्या दिवसापासून त्यांनी डोळ्यांवरचा विश्वास काढून कानांवर टाकला.

पद्धत अशी. मावशी दाराशी यादीवर खुणा करत मुलं चढवणार. मुलं आपापल्या नंबरावर बसणार. इंजिन बंद. काका समोर बघत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणणार, "पट्टा." मग एक नंबरपासून सुरुवात. एकानं लावला, टक्. मग दोन नंबर, टक्. घाई नाही, दोघांनी एकदम लावायचा नाही. पंधरा झाले की काका म्हणणार, "पंधरा." मागून मावशी यादी बघून म्हणणार, "पंधरा." मग किल्ली. एखादं मूल आलं नसेल तर तेवढा आकडा कमी, पण दोघांचा आकडा जुळल्याशिवाय किल्ली फिरली असं तेव्हापासून एकदाही झालं नव्हतं.

पोचल्यावर उलटं. मुलं उतरली की काका गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचे आणि प्रत्येक सीटवर हात ठेवत परत यायचे. या फेरीत त्यांना आजवर मिळालेल्या वस्तू म्हणजे पोहण्याचे चष्मे, बुद्धिबळाचा एक उंट, नाटकातली दाढी, आणि एकदा एक गाढ झोपलेला मुलगा. यादीवर तो उतरलेला होता.

मुलं या पद्धतीला हसायची. सगळ्यात जास्त हसायचा तीन नंबरचा मुलगा. त्याला सगळे वकील म्हणत, कारण त्याला शांत बस म्हटलं तरी तो कोणत्या नियमाखाली असं विचारायचा.

"काका, विमानात पण एवढं करत नाहीत," तो म्हणायचा.

"मग विमानानं जा," मावशी म्हणायच्या. काकांना उत्तर द्यायची वेळच यायची नाही.

गेल्या वर्ष-दीड वर्षात मात्र मुलं फार आदळआपट करायला लागली होती. पट्टा लावताना कडी खाचेत अशी हाणायची की जणू खिळा ठोकतायत. काकांना ते मुळीच आवडत नव्हतं. केंद्रात गाडीच्या दुरुस्तीसाठी एक छापील फॉर्म होता. त्यात 'कोणता भाग' या रकान्यात त्यांनी चारदा 'पट्ट्याची खाच' लिहिलं होतं आणि 'बिघाडाचे कारण' या रकान्यात 'मुले आपटतात'. आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून एक खाच बदलावी लागली होती. या एका वर्षात चार.

"हल्लीच्या पोरांना हळू म्हणून काही माहीतच नाही," असं ते घरी जेवताना म्हणाले.

बायको म्हणाली, "तुम्हाला कुठलं हळू माहितीये? टीव्ही कमी करा आधी. खालचे लोक वर येतील."

काकांनी टीव्ही कमी केला. मग त्यांना टीव्ही कळेना, म्हणून बंद केला.

हे असं बरेच दिवस चाललं होतं. पट्टे मोजताना आधी खिडक्या उघड्या चालायच्या, मग काका त्या बंद करायला सांगू लागले. मग पंखा बंद. मग मुलांनी त्या वेळात कुजबुजायचं नाही असा नियम आला. मग केंद्राच्या आवारात झाडू मारणाऱ्या माणसाला मावशी हातानं खूण करून थांबवू लागल्या. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. रहदारी वाढली होती, पंखा जुना झाला होता, झाडू नवा होता.

बायकोलाही शंका आली नाही. सव्वीस वर्षांत तिची निम्मी वाक्यं उत्तराविना हवेत विरून गेली होती. आता पाऊण विरत होती. हा फरक तिनं संसारात मुरल्याचा मानला.

---

त्या शनिवारी मुलांचा फुटबॉलचा सामना होता. साधासुधा नव्हे, उपांत्य. केंद्राची टीम आजवर इतकी पुढे कधी गेली नव्हती. मैदान शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौदा किलोमीटरवर. सामना दहाला, आणि सव्वादहापर्यंत टीम मैदानात उतरली नाही तर समोरचा संघ न खेळता जिंकला, असा नियम होता. सव्वानऊला सगळी मुलं गाडीत होती. पाण्याच्या बाटल्या, बुटांच्या पिशव्या, मागे जाळीत चार चेंडू.

अकरा नंबरवर नवी मुलगी होती. तिथं बसणाऱ्या मुलाचे आईवडील घर बदलून दुसरीकडे राहायला गेले होते, आणि त्याच्या जागी ही आली होती, गोलकीपर म्हणून. अकरा वर्षांची, अकरा नंबरवर, मांडीवर हातमोजे. त्या दिवशी तिची गाडीतली पहिलीच फेरी. मावशींनी तिला बूट, दप्तर आणि काका या तिन्ही गोष्टी सांगितल्या.

खिडक्या बंद झाल्या. पंखा बंद झाला. झाडूवाला थांबला.

"पट्टा."

टक्. टक्. टक्. मुलं एकापाठोपाठ एक कड्या हाणत गेली. काका समोर बघत होते. शेवटची टक् झाली.

"चौदा," काका म्हणाले.

"पंधरा," मागून मावशी म्हणाल्या.

गेल्या वर्षभरात असं एकदाही झालं नव्हतं. मुलंही हसली नाहीत.

"चौदा," काका पुन्हा म्हणाले.

"अहो पंधरा आहेत. मी चढताना खुणा केल्यात."

"मुलं पंधरा असतील. टक् चौदा झाल्या. सगळ्यांनी काढा. परत."

परत. टक् टक् टक्. दहा नंबर झाला. मग थोडी रिकामी जागा. मग टक्, टक्, टक्, टक्.

"चौदा. दहानंतर भोक आहे."

मावशींच्या पिशवीत फोन वाजायला लागला. मैदानावरून फुटबॉलचे सर फोन करत होते. वकील घड्याळ बघून म्हणाला, "नऊ बावीस." कुणी विचारलं नव्हतं.

काका उठले आणि अकरा नंबरापाशी आले. मुलीनं पट्टा लावलेला होता. काकांनी तो ओढून पाहिला. पक्का होता. मावशीही आल्या, त्यांनीही ओढून पाहिला.

"लागलाय की," मावशी म्हणाल्या. "चला आता."

"काढ," काका मुलीला म्हणाले. "आणि परत लाव."

मुलीनं बटण दाबून पट्टा सोडला. मग कडी दोन बोटांत धरून, अगदी नीट, खाचेत सरकवली. काका वाकून तिच्या हाताकडे बघत होते, हातभर अंतरावरून. कडी आत गेली. लाल बटण वर आलं. बाकी काही झालं नाही.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं ना," ती म्हणाली. "वाजला की."

काकांनी आणखी एकदा लावायला सांगितला. पुन्हा तेच. कडी गेली, बटण आलं, आणि मधला आवाज कुठंच नव्हता.

तेव्हा तीन नंबरवरून वकील वैतागून म्हणाला, "अगं, काकांसाठी जोरात लावायचा असतो! तुला कुणी सांगितलं नाही का?"

यानंतर गाडीत जी शांतता पसरली, ती काकांना व्यवस्थित ऐकू आली.

"आमच्याकडे आजोबा झोपलेले असतात," नवी मुलगी सगळ्यांकडे बघत म्हणाली. "आम्ही घरात काहीच आपटत नाही." तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

"तुझं बरोबर आहे," काका म्हणाले. मग ते वकिलाकडे वळले. "कधीपासून?"

वकील पहिल्यांदाच नियम विचारायचं विसरला. "मागच्या वर्षी... नाटकाच्या वर्गाच्या सुट्टीनंतर. तुम्ही रोज बारा, तेरा म्हणायचात. परत परत काढायला लावायचात. मग एकदा सगळ्यांनी जोरात लावले तर तुम्ही लगेच पंधरा म्हणालात. मग ठरलंच तसं."

"सगळ्यांना माहितीये?"

चौदा माना हलल्या. पंधरावी नवी होती, तरी तीही हलली.

"मावशी?"

मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. तिथं झाडूवाला अजून झाडू धरून थांबलेला होता. "मला वाटलं तुम्हाला कळलंय आणि तुम्ही लपवताय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माणूस लपवतोय तर आपण कशाला उघडं पाडा. म्हणून मीही लपवलं."

"मला माहीत नव्हतं."

"मग काय लपवत होतो आपण इतके दिवस?" मावशींना खरंच प्रश्न पडला.

काका दोन सीटांच्या मधे उभे होते, एक हात अकरा नंबरच्या पाठीवर. "एक सांगा," ते म्हणाले. "कुणी दुसऱ्याचा वाजवलाय कधी?"

मग वकिलानं हात वर केला. वर्गात करतात तसा.

"दोनदाच. शेजारच्याचा. पोहण्याच्या दिवशी. त्याचा टॉवेल अडकला होता पट्ट्यात, उशीर होत होता, म्हणून मी माझा लावला आणि मग बाटली दांडीवर आपटली."

"आणि मी पंधरा म्हणालो."

"हो."

"आणि गाडी काढली."

"हो," वकील म्हणाला. "पण तुम्ही हळूच चालवता काका."

काका पुढे गेले. किल्ली लावलेली होती, ती त्यांनी काढली आणि खिशात टाकली. मग त्यांना वाटलं की खिशात ठेवणं बरोबर नाही, म्हणून बाहेर काढून समोरच्या फळीवर ठेवली.

"गाडी जाणार नाही," ते म्हणाले.

गाडीत एकच कल्ला झाला. पट्टे लागलेत, सगळे लागलेत, मावशींनी ओढून बघितलेत, उपांत्य आहे, नऊ एकतीस झाले. गोलकीपर मुलगी रडायच्या बेतात आली. मावशी पुढे येऊन हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू आणि काकांना ऐकू येईल इतपत मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, आजचा दिवस काढा. पट्टे तर लागलेत ना? सोमवारी बघू कानाचं."

"पट्ट्यांचा प्रश्न मिटला," काका म्हणाले. "माझा मिटला नाही. वर्षभर मी पंधरा ऐकत नव्हतो. पोरं मला ऐकवत होती. आता रस्त्यात आणखी काय काय मला ऐकू येत नाही, ते मला कसं कळणार?"

"हॉर्न येतो ना ऐकू?"

"येतो असं वाटतं. पंधराही ऐकू येतात असंच वाटत होतं."

मावशींनी फोन काढून मॅडमना लावला.

मॅडम केंद्रातच होत्या, पहिल्या मजल्यावर. खाली आल्या तेव्हा हातात पेन तसंच होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "काका, आज? आजच?"

"आजच कळलं."

"दुसरा ड्रायव्हर आणायला तास जाईल."

"तुमचं नाव आहे ना कागदावर," काका म्हणाले.

होतं. तीन वर्षांपूर्वी केंद्राला राखीव चालक दाखवणं भाग होतं, तेव्हा दुसरं कुणी मिळेना म्हणून मॅडमनी स्वतः मिनीबसची परीक्षा दिली होती. पास झाल्या होत्या. त्यानंतर गाडीला त्यांनी हात लावला तो फक्त उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांसोबत फोटो काढताना.

मॅडमनी किल्लीकडे पाहिलं. मग मुलांकडे. पंधरा तोंडं काचांना चिकटली होती. त्यांनी पेन काकांच्या हातात दिलं आणि चपला काढून ठेवून, गाडीतले काकांचे जुने बूट पायात घातले, कारण त्यांच्या चपलांना टाचा होत्या.

"मी काय करायचं?" सीटवर बसून त्यांनी विचारलं.

"पट्टा म्हणायचं. आणि मोजायचं. समोर बघून. आरशात नाही."

काका खाली उतरले आणि दार लावलं. बाहेरून त्यांना मॅडमचे ओठ हललेले दिसले. मग मॅडमची मान थोडी थोडी हलत गेली, एक, दोन, तीन. काकाही मोजत होते, मानेवरून. पंधराला मॅडमचे ओठ पुन्हा हलले, मागे मावशींचे हलले, आणि गाडी सुरू झाली. फाटकातून बाहेर पडताना ती इतकी हळू निघाली की झाडूवाल्यानं चालत तिच्या पुढे जाऊन फाटक आणखी उघडलं.

काका आवारातल्या स्टुलावर बसले. हातात मॅडमचं पेन होतं. बारा वर्षांत गाडी त्यांच्याशिवाय बाहेर गेली नव्हती. आता जे होईल ते होईल, असं त्यांना मुळीच वाटलं नाही. त्यांना प्रत्येक वळण दिसत होतं. मोठ्या चौकातलं, पुलाखालचं, जिथं उजवीकडून सायकली येतात ते. ते मनातल्या मनात मैदानापर्यंत गेले, गाडी उभी केली, शेवटच्या सीटपर्यंत चालत गेले, आणि परत आले. मग पुन्हा निघाले. असे त्यांनी तीन तासांत चार फेऱ्या केल्या.

गाडी एक वाजता आली. मैदानावर ती दहा वाजून अकरा मिनिटांनी पोचली होती, म्हणजे चार मिनिटं राखून. टीम मैदानात उतरली, आणि पाच-शून्यनं हरली.

"पाच!" मावशी उतरता उतरता म्हणाल्या. "एवढी धावपळ केली ती हरायला."

"पोचलो वेळेवर, हे कमी आहे का?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा अजून पांढरा होता.

काका कुणाला काही न विचारता गाडीत चढले, शेवटच्या सीटपर्यंत गेले, प्रत्येक सीटवर हात ठेवत परत आले. अकरा नंबरवर एक हातमोजा मिळाला.

---

चालकाला स्वतःविरुद्ध तक्रार करायला केंद्रात फॉर्म नव्हता. मॅडमनी खणात शोधून पाहिलं. शेवटी गाडीच्या दुरुस्तीचाच फॉर्म घेतला. 'कोणता भाग' या रकान्यात काकांनी लिहिलं, 'कान, दोन्ही'. 'बिघाडाचे कारण' हा रकाना रिकामा सोडला. 'कधी लक्षात आले' इथं तारीख घातली आणि कंसात लिहिलं, 'मुलांच्या लक्षात आधीच'. खाली सही केली.

"तपासणीत काय निघतं त्यावर आहे," मॅडम म्हणाल्या. "तोपर्यंत गाडी तुम्हाला देता येणार नाही. आणि काका... नंतरचंही मी आत्ता सांगू शकत नाही."

"सांगू नका," काका म्हणाले. "मीही दिली नसती."

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. ती बराच वेळ तेच ताट पुसत राहिली.

"म्हणजे तुम्हाला खरंच ऐकू येत नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि मी इतके दिवस समजत होते की लक्ष नाही."

"तेही असेल थोडं."

कानाच्या डॉक्टरांनी काकांना काचेच्या खोलीत बसवलं आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणाले. काका समोर बघत, हात गुडघ्यावर ठेवून बसले. जाड आवाज आले: इंजिनासारखे, हॉर्नसारखे. ते सगळे त्यांना मिळाले. मग बारीक, टोकदार आवाज सुरू झाले, आणि तिथून पुढे बटण फारसं दाबलं गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला मोठं ऐकू येतं, बारीक येत नाही, मशीन लावून येईल. मशीन लावून गाडीही चालवता येईल, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासून तसं लिहून देऊ.

मशीन कानात गेल्यावर काकांना पहिल्यांदा कळलं की त्यांच्या घरातला फ्रिज बोलतो. त्यांच्या स्वतःच्या चपला फरफटतात. आणि बायको स्वयंपाक करताना सतत काहीतरी पुटपुटत असते, त्यातलं बरंचसं त्यांच्याबद्दल.

"मी 'मठ्ठ' नाही," तिसऱ्या दिवशी ते खुर्चीवरून म्हणाले.

स्वयंपाकघरात एकदम सामसूम झाली. मग बायको दाराशी आली.

"सगळं ऐकू येतंय?"

"सगळं."

"मग झाली पंचाईत," ती म्हणाली. आत जाऊन तिनं नळ सोडला आणि नळाच्या आवाजाखाली पुटपुटणं पुढे चालू ठेवलं.

सहा आठवडे गाडी मॅडमनी चालवली. सुरुवातीला मुलं त्यांच्या गाडीत श्वास रोखून बसायची, मग सवय झाली. डॉक्टरांचा कागद घेऊन काका केंद्रात आले तेव्हा मॅडमनी तो दोनदा वाचला, फाइलला लावला आणि किल्ली टेबलावर ठेवली. त्यांना किती हलकं वाटलं ते लपून राहिलं नाही. काका खाली येऊन गाडीभोवती फिरले. मागच्या दाराला आता दुसरा पोचा होता. तेव्हापासून नव्या माणसाला पहिल्या भेटीत ते दोन पोच्यांबद्दल सांगत.

शनिवारी मुलं चढली. वकिलानं वाकून आधी एक कान बघितला, मग दुसरा.

"यातून गाणी ऐकू येतात का?"

"तुझं बोलणं ऐकू येतं," मावशी म्हणाल्या. "तेवढं पुरे नाही का त्यांना?"

सगळे बसले. सवयीनं कुणीतरी खिडक्या बंद करायला लागलं. काका म्हणाले, राहू दे. पंखाही राहू दे. बाहेर झाडूवाला आपणहून थांबला होता, त्याला मावशींनी चालू दे अशी खूण केली.

"पट्टा."

एक नंबरनं कडी हाणली. मशीन कानात होतं आणि आवाज थेट डोक्यात गेला. काका सीटवरून वीतभर उडाले.

"हळू!" ते ओरडले. इतक्या मोठ्यानं मुलांनी त्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता. "हळू लावा. आणि आता ऐका, एकदाच सांगतो."

ते सीटवरून वळून बसले, मुलांकडे तोंड करून. मुलांना त्यांचा चेहरा समोरून बघायची सवय नव्हती, त्यामुळे सगळी गप्प झाली.

"आजपासून दर शनिवारी, गाडी इथं उभी असताना, तुमच्यातला एक जण पट्टा लावणार नाही. कोण ते तुम्ही ठरवायचं, मला सांगायचं नाही. मावशींनाही नाही. मी जर पंधरा म्हणालो, तर किल्ली काढून वर मॅडमकडे नेऊन द्यायची. वकील नेईल."

"कोणत्या नियमाखाली?" वकिलानं विचारलं.

"माझ्या."

"आणि तुम्ही नाही दिली तर?"

"म्हणून तर तुला सांगितलं," काका म्हणाले. "दुसऱ्या कुणाची किल्ली मागायची हिंमत झाली नसती."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. डोकी जवळ आली, कुजबुज झाली. काकांना त्यातला शब्द न् शब्द ऐकू येत होता, म्हणून त्यांनी दोन्ही मशीनं काढून हातात धरली आणि ठरवणं संपेपर्यंत समोर बघत बसले. मावशींनी खांद्याला हात लावल्यावर परत घातली.

"पट्टा."

टक्. टक्. आता हळू, इतक्या हळू की पंख्याखाली आवाज बुडतोय का असं मावशींना वाटलं. त्यांनी यादी छातीशी धरली होती. वकील बोटांवर मोजत होता. टक्. टक्. झाडू चालू होता. बाहेर एक रिक्षा गेली. शेवटची टक् झाली आणि कुणीच हललं नाही.

वकिलाचा हात किल्लीच्या दिशेनं थोडा पुढे आला.

"चौदा," काका म्हणाले. "अकरा नंबर."

मागे अकरा नंबरवर गोलकीपर मुलगी पट्ट्याचं टोक हातात धरून बसली होती. तिचा चेहरा पडला होता. घरी झोपलेल्या आजोबांसमोर वावरते तसा, आवाज न करता, तिनं पट्टा लावल्यासारखा हात हवेत फिरवला होता, फसवायला, आणि तरी ती पकडली गेली होती.

"तुम्हाला ऐकू येतंय," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखं.

"येतंय. लाव."

तिनं कडी दोन बोटांत धरली आणि तिच्या घरच्या पद्धतीनं, अगदी हळू, आत सरकवली.

"पंधरा," काका म्हणाले.

मावशींनी यादीकडे पाहिलं, मग वकिलाकडे, मग अकरा नंबरकडे. त्यांना स्वतःला ती शेवटची टक् ऐकू आली नव्हती.

"पंधरा," त्या म्हणाल्या. सोमवारी आपणही एकदा कान तपासून घ्यावेत, असं त्यांनी मनात ठरवलं. काकांनी किल्ली फिरवली.